मधल्या खोलीची हवा

लग्न होऊन मी ईट गावाहून मुरुमला आले तेव्हा या घरातला ओटा मला बुटका होता. सासूबाई ठेंगण्या, ओटा त्यांच्या मापानं बांधलेला. मी माहेरच्या सगळ्यांसारखी उंच. त्या ओट्यावर वाकून मी भाकऱ्या थापल्या, सणावारांचे स्वयंपाक केले, मुलगी वाढवली. सासूबाई गेल्या, मुलगी नोकरीला पुण्याला गेली, तरी ओटा तिथंच आणि मी वाकलेलीच. मग एका दिवाळीनंतर, हे आडत दुकानातून येऊन हातपाय धुवत होते तेव्हा, मी सांगितलं की या वर्षी स्वयंपाकघर नवं करायचं. विचारलं नाही, सांगितलं. टॉवेलनं तोंड पुसत ते म्हणाले, "कर." आमच्या घरातली मोठी कामं अशीच ठरतात.

पुढचं सांगण्याआधी घर कसं आहे ते सांगायला हवं. मुरुमच्या बाजारपेठेतली जुनी घरं आगगाडीच्या डब्यासारखी लांबट असतात. पुढं रस्त्यावर बैठकीची खोली, सगळ्यात मागं स्वयंपाकघर आणि परसू, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंतीला आपली भिंत. त्यामुळं मधल्या खोलीला खिडकी नसते. पुढून उजेड येतो तेवढाच. आमच्याकडं या मधल्या खोलीत अप्पा राहतात. अप्पा म्हणजे माझे सासरे.

अप्पांचं सगळं आयुष्य आडत दुकानात गेलं. तूर, हरभरा, उडीद यांची पोती ओतायची, चाळायची, मोजायची, आणि ती धूळ नाकातोंडात घ्यायची. दुकान मुलाच्या हाती देऊन ते घरी बसले तेव्हा छाती भात्यासारखी वाजायची. उमरग्याच्या डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला आणि बजावलं की धुळीपासून लांब राहा, मोकळी हवा घ्या. आता मोकळी हवा आणायची कुठून? पुढच्या खोलीत बसावं तर समोरून सारखे मालाचे ट्रॅक्टर जातात. वर गच्चीवरची खोली आहे, पण गुडघे जिना चढू देत नाहीत. राहिली मधली खोली.

तेव्हा ह्यांनी सोलापूरहून एक माणूस आणून डक्ट बसवून घेतला. स्वयंपाकघराच्या गच्चीवर एक मोठा कूलर ठेवला. त्याच्या पंख्यापासून पत्र्याची चौकोनी नळी निघाली, ती खाली उतरून स्वयंपाकघराच्या छताला लागून आडवी गेली आणि भिंतीतून मधल्या खोलीत शिरली. तिथं जाळी बसवली. उन्हाळ्यात कूलरला पाणी सोडायचं, एरवी नुसता पंखा चालवायचा. बाहेरची गाळलेली हवा थेट अप्पांच्या पलंगावर. पत्रा दिसायला वाईट दिसतो म्हणून स्वयंपाकघरात त्यावर फळ्या मारून रंग दिला होता. पाहुण्यांना वाटायचं, तुळईच आहे. अप्पा त्याला नुसतं 'गाळी' म्हणायचे. आमच्या घरात अर्धं बोलणं कन्नडात चालतं आणि गाळी म्हणजे वारा. सकाळी पूजा आटोपून विभूतीची बोटं पुसत ते हाक मारायचे, "अव्वा, गाळी चालू कर." अव्वा म्हणजे आई. आमच्या घरांत सुनांना, लेकींना मायेनं अशी हाक मारतात.

स्वयंपाकघराचं काम ज्यानं घेतलं तो उमरग्याचा ठेकेदार. ह्यांच्या एका मित्राचा भाचा, तिशीतला, इस्त्रीचा शर्ट आणि बोलायला गोड. पहिल्याच भेटीत मला काकू म्हणाला आणि "मला तू म्हणा" असंही म्हणाला. मला तो आवडला. कारण त्यानं मोबाईलवरची चित्रं दाखवायच्या आधी मला भिंतीशी उभं केलं, हात कोपरातून वाकवायला लावला आणि तिथं पेन्सिलनं खूण केली. "ओटा याच्या थोडा खाली घेऊ, काकू. तुम्हाला वाकायला लागणार नाही." इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं.

डक्टचं मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, स्टुलावर चढले आणि लाटण्यानं फळी ठोकत ठोकत भिंतीपर्यंत गेले. इथून इथपर्यंत पत्रा आहे, याला धक्का लागता कामा नये, आत अप्पांची हवा आहे. त्यानं मान डोलावली. मोबाईलमध्ये फोटोही काढला.

तोडफोड सुरू व्हायच्या आधी आम्ही अप्पांना लातूरला नणंदेकडं पोचवलं. धुळीत त्यांना ठेवणं शक्यच नव्हतं. जुना ओटा फुटताना मी समोर उभी होते आणि मला जराही वाईट वाटलं नाही. पुढच्या खोलीत गॅस मांडून मी कामगारांना चहा करून द्यायची आणि दिवसातून चारदा आत डोकावून यायची. काम नेटकं चाललं होतं. भिंती झाल्या, काळा ग्रॅनाइट बसला, नळ आले. मग नणंदेच्या घरात लग्न निघालं आणि आम्हा दोघांनाही लातूरला जावं लागलं. किल्ली ठेकेदाराकडं देऊन गेलो.

परत आलो तर छत बंद झालेलं. डक्टच्या फळ्या काढून तिथं नवीन पांढरं बोर्डाचं छत, त्यात बारीक दिवे, खाली भिंतभर कपाटं, शेगडीवर चिमणी. मी म्हटलं, एवढ्या लवकर? तो हसून म्हणाला की सुतार मोकळे होते, लावून टाकलं. आणि डक्ट? "आहे तसा आहे, काकू. वरून झाकला फक्त." मी दिव्यांकडं बघत राहिले. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघराचं मलाच कौतुक आवरत नव्हतं.

अप्पा आले तेव्हा मी त्यांना खुर्ची टाकून स्वयंपाकघरात बसवलं आणि त्यांच्यासमोर भाकरी केली. ताठ उभं राहून. ते बघत होते. भाकरीवर शेंगाचटणी घेतली, दूध घेतलं आणि म्हणाले, "लई चांगलं झालं, अव्वा. आता कंबर दुखणार न्हाय तुझी." कंबर दुखते असं मी त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते.

थंडी होती तोवर काही कळलं नाही. अप्पाच म्हणायचे, गाळी नको, गार लागतं. संक्रांतीनंतर नुसता पंखा सुरू केला आणि त्यांचा खोकला वाढला. आम्ही म्हटलं, हवा बदलतेय. होळीच्या सुमाराला ऊन चढलं, कूलर धुऊन, गवत बदलून चालू केला, तरी खोकला हटेना. दुपारी ते पलंगावर उशा लावून बसलेले असायचे, आडवं होता यायचं नाही. मी विचारायची, "अप्पा, हवा येती ना?" ते म्हणायचे, "येती की." मी जाळीखाली हात धरायची. काहीतरी लागायचं, पण अगदी मेलेलं. ह्यांनी कूलरचा मेकॅनिक बोलावला. त्यानं मोटार बदलली. गच्चीवर उभं राहिलं तर कूलर नुसता घोंगावत होता, आणि खाली खोलीत पंचांगाचं पान हलत नव्हतं. डॉक्टरांनी औषध वाढवलं आणि वयाचा विषय काढला. हेही हळूहळू तसंच बोलायला लागले, की वय झालं आता, काय करणार. मला ते पटत नव्हतं, पण पटत नाही म्हणून दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं.

दाखवायला सापडलं ते पापडांच्या डब्यात.

आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. ओठ फुटतात, दोरीवरचं धुणं घडी करेपर्यंत कडक होतं, कोथिंबीर तासाभरात सुकते. अशा दिवसांत मी शेगडीच्या वरच्या कपाटातून पापडाचा डबा काढला, तर पापड मऊ. वाकवला तर कापडासारखा वाकला. मला वाटलं, झाकण नीट लागलं नसेल. शेजारची मिठाची बरणी काढली, तर मीठ पाझरलेलं. चटणीचे गोळे झालेले. मी स्टुलावर चढून कपाटात डोकं घातलं. आत गार होतं. बाहेर स्वयंपाकघरात घाम निथळत होता आणि कपाटाच्या आत ओल्या गवताचा वास येत होता. कूलरच्या गवताचा.

मी कपाट रिकामं केलं आणि मागच्या फळीला तळहात लावला. फळी फुगली होती आणि वरच्या सांध्यातून बोटांवर हवा लागत होती. चांगली, जोराची, गार हवा. अप्पांची हवा माझ्या मीठ-मिरचीच्या कपाटात येत होती.

ठेकेदाराला मी लगेच फोन केला. तो म्हणाला, नवीन प्लाय आहे, पहिल्या वर्षी थोडं असं होतं. मी म्हटलं, हवा लागते. तो म्हणाला, डक्ट जुना आहे, गंजला असेल, कुठंतरी सांधा सुटला असेल. "आम्ही त्याला हातच लावला नाही, काकू." हे ऐकत होते. मित्राचा भाचा असल्यामुळं त्यांची अडचण मला कळत होती. ते म्हणाले, जाऊ दे, आपण दुसऱ्या कुणाला दाखवू. मी म्हटलं, दुसऱ्याला नाही, ज्यानं केलंय त्यालाच दाखवायचं. रविवारी जेवायला बोलवा.

मला काय करायचं ते पक्कं माहीत होतं. ईटला माझ्या वडिलांची खव्याची भट्टी होती. गावभरचं दूध आमच्याकडं आटायचं आणि दिवसभर धूर. कधी कधी धूर धुराड्यातून वर न जाता शेडमध्ये फिरायला लागायचा, डोळे चुरचुरायचे. मग वडील पेटत्या काड्यांचा झुबका घेऊन धुराड्याच्या कडेकडेनं फिरवायचे आणि धूर कुठं आत ओढला जातो, कुठून बाहेर येतो ते बघायचे. फट सापडली की चिखलानं लिंपायचे. मी लहानपणी ते इतक्यांदा बघितलंय की आजही कुठल्या घरात शिरले तर हवा कुठून कुठं जाते ते मला आपोआप कळतं.

रविवारी ठेकेदार आला. मी पुरणपोळी केली होती, त्यानं आनंदानं खाल्ली. जेवण झाल्यावर मी अप्पांना शेजारच्यांच्या ओसरीवर नेऊन बसवलं, धूर त्यांच्या नाकाशी जायला नको म्हणून. मग कूलरचं पाणी बंद केलं, गच्चीवर घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या, निखारा झाल्यावर त्यावर ऊद टाकला आणि घमेलं पंख्यामागं, जिथून हवा आत ओढली जाते तिथं सरकवलं. ह्यांना सांगितलं, इथं उभं राहून ऊद टाकत राहा. आणि ठेकेदाराला घेऊन खाली आले.

आधी मधल्या खोलीत गेलो. जाळीतून काहीच नाही. थोडं थांबलो. एक बारीकशी रेघ आली आणि विरली. मी त्याला स्वयंपाकघरात आणलं. तिथं शेगडीवरच्या कपाटातून, दिव्यांच्या भोकांतून, चिमणीच्या कडेनं पांढरा धूर असा बाहेर पडत होता की माझं नवं स्वयंपाकघर देवळाच्या गाभाऱ्यासारखं झालं होतं. उदाचा वास कोंदला होता. तो वर बघत उभा राहिला. मी परसाचं दार उघडलं आणि ह्यांना वर हाक मारून सांगितलं की पुरे आता.

त्यानं कपाळ पुसलं. मग म्हणाला की डक्ट फुटलेला दिसतोय, पण तो उघडायचा म्हणजे दोन कपाटं खाली घ्यावी लागतील, छत कापावं लागेल, चिमणी काढावी लागेल, टाइल तर नक्की फुटतील आणि याच रंगाच्या आता मिळणार नाहीत. "एवढं सुंदर काम झालंय, काकू. कशाला खराब करता? मी अप्पांच्या खोलीला एक्झॉस्ट फॅन लावून देतो. चांगला, भारीतला."

"तो हवा कुठून ओढणार?"

"पुढच्या खोलीतून."

"म्हणजे रस्त्यावरची धूळ."

 ह्यांच्याकडं बघून तो म्हणाला, काका, तुम्ही बघा, काकूंना समजवा. हे जिन्यात उभे होते, अंगाला उदाचा वास येत होता. ते हातावरची राख झटकत राहिले.

मला भांडायचं नव्हतं. आवाज चढवून काम होतं असं मला कधी वाटलेलं नाही. मी दारं उघडून धूर जाऊ दिला, अप्पांना परत आणून त्यांच्या पलंगावर बसवलं आणि चहा ठेवला. दोन कप भरून ठेकेदाराच्या हातात दिले. "हा चहा आत अप्पांजवळ बसून घे. दार लावून घे. चहा संपला की ये, मग एक्झॉस्टचं बोलू."

तो गेला. दार लागलं. भर दुपार होती, बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी ओट्यावरची भांडी पुसत बसले. आतून अप्पांचा खोकला ऐकू येत होता, मध्ये थोडं बोलणं, परत खोकला. बराच वेळ झाला. चहा कधीच संपला असणार.

दार उघडून तो बाहेर आला तेव्हा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. कप त्यानं स्वतःच मोरीत नेऊन ठेवले. मग माझ्यासमोर उभा राहून, पण माझ्याकडं न बघता म्हणाला, "काकू, अप्पांना माहिती आहे."

"काय माहिती आहे?"

"हवा येत नाही ते. कूलर चालू केला त्या दिवसापासनं माहिती आहे म्हणाले. उपरणं धरून बघितलं त्यांनी जाळीसमोर. मला म्हणाले, तू काही तोडू नको. माझ्या सुनेनं जन्मभर वाकून सैपाक केला, आत्ता कुठं ताठ उभी राहिली. तिचं सैपाकघर फोडू नको, मी काढतो एवढा उन्हाळा."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. हे पुढच्या खोलीत निघून गेले.

ठेकेदार तिथंच उभा होता. मग त्यानं सांगितलं, आणि हे मात्र मान वर करून सांगितलं. आम्ही लातूरला गेलो तेव्हा चिमणीचा पाइप बाहेर काढायला जागा मिळेना. भिंतीत बीम आला. कामगारांनी विचारलं तेव्हा यानंच सांगितलं की पत्र्याला भोक पाडून त्यातून पाइप काढा. कपाटं एका रेषेत यावीत म्हणून खालून पत्रा ठोकून चेपला. उरलेली फट सिमेंटच्या रिकाम्या पोत्यानं बुजवली. "मला वाटलं, कूलरचा पाइप आहे, थोडी हवा कमी येईल. खोलीत कोण राहतं, कसं राहतं, हे मी कधी आत जाऊन बघितलंच नव्हतं. फोनवर तुमच्याशी खोटं बोललो."

"आता?"

"उघडतो. उद्याच माणसं आणतो. सगळं मी करून देतो, तुम्ही काही बोलू नका."

मी अप्पांच्या खोलीत गेले. ते उशांना टेकून बसले होते. माझा चेहरा बघून त्यांना कळलं की त्या पोरानं सांगितलं. ते जरा ओशाळले. मी पलंगाच्या कडेला बसले, जे मी एरवी त्यांच्यासमोर करत नाही. आमच्यात तसं बोलायची पद्धत नाही. चहा, औषध, जेवण, दुकान, एवढंच आमचं बोलणं. मी म्हटलं, "अप्पा, मला सांगायचं होतं तुम्ही."

"काय सांगायचं, अव्वा. तू रोज त्या ओट्यावरनं हात फिरवीत होतीस."

"ओटा कुठं जात नाही. वरची दोन कपाटं निघतील फक्त."

"टाइला फुटतील म्हणतो तो."

"फुटू द्या. तुम्हाला रात्री आडवं होऊन झोपता येत नाही आणि मी तिथं टाइला बघत बसू व्हय?"

ते थोडं हसले आणि त्यांना खोकला आला. मी पाठीवर हात फिरवला. खोकला थांबल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि कन्नडात म्हणाले, "आयतु." ठीक आहे, झालं. मीही उठले, कारण आणखी बसले असते तर रडू आलं असतं आणि ते त्यांना अवघड झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कपाटं उतरली. अप्पांना पुन्हा शेजारी बसवलं. छत कापताना मी अगदी खाली उभी होते. बोर्डाचा तुकडा खाली आला आणि त्याबरोबर वाळूसारखा कचरा ओट्यावर सांडला. वर बघितलं तर सोलापूरच्या माणसानं केलेली ती चौकोनी नळी मधोमध दबून चपटी झालेली, एका बाजूला ग्राइंडरनं कापलेली, त्यातून चिमणीचा चकाकता पाइप आरपार गेलेला आणि भोवती पोतं कोंबलेलं. पोतं ओलं होऊन कुजलं होतं. खोलीत जी थोडीफार हवा जात होती ती या पोत्यातून, सिमेंटच्या धुळीतून जात होती. म्हणजे संक्रांतीनंतरचा खोकला वयाचा नव्हता. मी ह्यांना हाक मारली आणि ते पोतं त्यांच्या पायाशी टाकलं. ते वाकून बघत राहिले. मग त्यांनी दुकानाला फोन करून सांगितलं की आज येत नाही, आणि बाह्या वर करून कामगारांबरोबर उभे राहिले. मित्राला काय वाटेल हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

ठेकेदारानं शब्द पाळला. मुरुममधलाच पत्र्याचं काम करणारा माणूस आणून चेपलेला भाग काढला, तेवढ्या मापाचा नवा बसवला, सांधे बंद केले. चिमणीसाठी बीमच्या बाजूनं, परसाकडं नवं भोक पाडलं. पाइप जरा वाकडा गेला, ओटा धरून उभं राहिलं की दिसतो. त्यामुळं एक कपाट आखूड करावं लागलं. मला हवं होतं म्हणून छतात एक छोटं दार ठेवलं, स्क्रू काढला की आत डोकावता येईल असं. या सगळ्यात माझा एकच आग्रह होता. छत बंद करायच्या आधी मी पुन्हा गच्चीवर घमेलं ठेवणार. त्यानं स्वतःच गोवऱ्या पेटवल्या. या वेळी स्वयंपाकघरात धुराचा कणही आला नाही आणि मधल्या खोलीच्या जाळीतून असा लोट आला की आम्ही खोकत बाहेर पळालो. ह्यांना हसू आवरेना. मग नुसता पंखा बराच वेळ चालवून सगळा धूर, सगळी धूळ काढली, खोली पुसून घेतली, चादरी बदलल्या आणि संध्याकाळी अप्पांना आत आणलं.

फुटलेल्या टाइलांच्या जागी त्याच रंगाच्या मिळाल्या नाहीत. उमरग्यात नाही, सोलापुरात नाही. ठेकेदार जवळपासचा रंग शोधत होता. मी म्हटलं, जवळपासचा नको, चुकल्यासारखा दिसेल. सरळ हळदीसारख्या पिवळ्या आणायला लावल्या. करड्या भिंतीत तेवढा एक पट्टा पिवळा. आलेगेलेले विचारतात की ही डिझाइन कुठं बघितली. मी म्हणते, आमच्या घरातच काढली.

त्या ठेकेदाराचं नाव मी दुसऱ्यांना सांगते का, असं मला मुलीनं फोनवर विचारलं होतं. तिला वाटलं, मी नाही म्हणेन. मी सांगते. माझ्या चुलत जावेचं काम त्यानंच केलं. तिनं मला सांगितलं की काम घ्यायच्या आधी तो घरभर फिरला, सगळ्या खोल्यांत जाऊन उभा राहिला, कोण कुठं झोपतं ते विचारलं. तिला ते विचित्र वाटलं होतं.

अप्पांचा खोकला पुरता गेला नाही, तो जाणारही नाही. पण हवा सुरू झाल्यावर काही दिवसांत ते उशा काढून आडवे झोपायला लागले. डॉक्टरांनी वाढवलेलं औषध पुन्हा कमी केलं. मे महिन्याच्या एका दुपारी मी वाळवणं गच्चीवर टाकून खाली आले तर मधल्या खोलीतून हाक आली. हातातली परात तशीच ठेवून मी धावले. बघते तर अप्पा पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन, गळ्यापर्यंत सोलापुरी चादर ओढून पडलेले.

"काय झालं, अप्पा?"

"थंडी वाजायली," ते म्हणाले. "गाळी जरा कमी कर."

मी कूलरचं पाणी बंद केलं. पंखा चालू ठेवला. पुन्हा आत डोकावले तेव्हा त्यांना झोप लागली होती आणि चादरीचा कोपरा वाऱ्यानं हलत होता.